तबला, हलगी आणि लॅपटॉप: एकट्या तालवादकाचा इलेक्ट्रॉनिक संच कसा उभारायचा

ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीमुळे ऑक्टोपॅड महाराष्ट्रात गावोगावी पोचला. त्यावर काठी पडली की आत साठवलेला आवाज वाजतो. हातातला फरक फार तर लहान-मोठ्या आवाजापुरता उरतो. इथे मांडलेला संच उलट्या बाजूने चालतो. आवाज वाद्याच्या अंगातून उचलायचा, त्यावर लॅपटॉपने काम करायचं, आणि डग्ग्यावर मनगटाचा दाब बदलला की स्पीकरमधून येणारं सगळंच बदललं पाहिजे. तसं होत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसू नका. वाद्य आणि साउंड कार्ड यांच्यामधल्या पहिल्या हातभर तारेत तो बहुतेक वेळा सापडतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या हातभर तारेबद्दलच आहे.

साहित्य

२७ मिलिमीटरच्या पितळी पिझो चकत्या (कंपनाची वीज करणाऱ्या) सहा घ्या. दोन-तीन शिकण्यात जातातच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास ‘बझरची चकती’ म्हटलं की दुकानदार पुढ्यात ठेवतो. त्याबरोबर पातळ शील्डेड ऑडिओ केबल दोन मीटर, पाव इंची जॅक, टीएल०७२ आयसी आणि त्याचं आठ पायांचं सॉकेट, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, तांब्याची चिकटपट्टी आणि पत्र्याची एक छोटी डबी लागेल. डबी पत्र्याचीच हवी. प्लास्टिकच्या डबीत सर्किट ठेवलं की ट्यूबलाइटची घरघर फुकट मिळते.

साउंड कार्ड चार इनपुटचं असलं तर उत्तम, पण दोन इनपुटवरही सुरुवात होते: एकात डग्ग्यावरचा माइक, दुसऱ्यात तबल्याची चकती. सॉफ्टवेअरमध्ये एबलटन लाइव्ह सोयीचं आहे. रीपर स्वस्त आहे आणि ध्वनिमुद्रणाला भक्कम आहे. स्वतःची यंत्रणा बांधायची असेल तर मिलर पकेट यांचं प्युअर डेटा घ्या. ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि ठोका ओळखण्यासाठी त्यात ‘बॉन्क’ नावाचा तयार ठोकळा आहे.

चकतीला तार जोडणे

चकतीचे दोन भाग असतात: बाहेरची पितळी कड आणि मधला पांढरा सिरॅमिकचा गोल, ज्यावर चांदीचा पातळ थर असतो. आयतीच जोडून आलेली केसासारखी तार काढून टाका, ती दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत तुटतेच. पितळी कड बारीक पॉलिश पेपरने खरवडा. सोल्डरिंग आयर्न ३०० ते ३२० अंशांवर ठेवा. तारेच्या टोकांना आधीच सोल्डर चढवून घ्या, कडेवरही एक थेंब सोडा, मग केबलची बाहेरची जाळी कडेला जोडा. पितळ उष्णता खेचून घेतं, म्हणून इथे तीन-चार सेकंद लागतात.

मधल्या गोलावर उलट घाई हवी. आधी सोल्डरचा थेंब, मग केबलची आतली तार, आणि आयर्न दोन सेकंदांच्या आत उचलायचं. जास्त वेळ टेकवलं की चांदीचा थर सोल्डरमध्ये विरघळतो, मग तिथे काहीच चिकटत नाही. ती चकती टाकून द्या. थर निघालाय की नाही ते नजरेला कळतं: चकाकी जाऊन मातकट डाग दिसतो.

आता मल्टिमीटर लावा. रेझिस्टन्स मोजताना काहीच दिसता कामा नये; शून्याच्या जवळ काही आलं तर जाळीचा एखादा केस मधल्या गोलाला टेकलाय. मीटरमध्ये कपॅसिटन्सची सोय असेल तर साधारण २० नॅनोफॅरड दिसेल. सगळं ठीक असेल तर सिरॅमिकची बाजू इन्सुलेशन टेपने झाका, त्यावर तांब्याची पट्टी गुंडाळा आणि ती फक्त जाळीला जोडा. शेवटी केबल चकतीला जिथे भेटते तिथे ग्लू गनचा एक गोळा ठेवा. केबल ओढली गेली तर ताण गोंदावर यावा, सोल्डरवर नाही.

आवाज पत्र्यासारखा का येतो

चकती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावून ‘पिझोचा आवाज किरटा असतो’ असं ठरवून मोकळे होणारे पुष्कळ. आवाज किरटा होतो तो इनपुटमुळे. पिझो विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर आहे. २० नॅनोफॅरडच्या चकतीपुढे १० किलोओहमचा लाइन इनपुट आला की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. तबल्याचा मूळ स्वरच त्या खाली आहे. तीच चकती १ मेगओहमच्या इनपुटला लावली तर ही हद्द ८ हर्ट्झवर जाते, म्हणजे ऐकू येणारं काहीच कापलं जात नाही. बऱ्याच साउंड कार्डांवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की इनपुट सुमारे १ मेगचा होतो. घरी सराव करताना एवढ्यावर भागतं.

मंचावर लांब केबल टाकायची असेल तर मात्र बफर हवा, म्हणजे चकती आणि लांब केबल यांच्यामधलं एक छोटं सर्किट. टीएल०७२ मध्ये दोन अॅम्प असतात, आपल्याला एकच लागतो. पाय ८ ला बॅटरीचं धन, पाय ४ ला ऋण, आणि या दोहोंमध्ये आयसीला चिकटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर धन आणि ऋण यांच्यामध्ये एकापुढे एक लावले की त्यांच्या मध्यबिंदूवर साडेचार व्होल्ट मिळतात. तिथून ऋणाला १० मायक्रोफॅरड जोडा. चकतीची आतली तार १०० नॅनोफॅरडमधून आणि पुढे १० किलोओहममधून पाय ३ वर आणा, आणि पाय ३ पासून मध्यबिंदूपर्यंत १ मेगओहम. पाय १ आणि २ एकमेकांना जोडा. आउटपुट पाय १ वरून १० मायक्रोफॅरड (धन टोक आयसीकडे) आणि १०० ओहममधून जॅकला. जॅकच्या टोकापासून ऋणाला आणखी एक १०० किलोओहम. चकतीची जाळी, जॅकची बाही (स्लीव्ह), मध्यबिंदूचा कपॅसिटर आणि पत्र्याची डबी, हे सगळं ऋणालाच. उरलेला अॅम्प हवेत लोंबकळत ठेवू नका: पाय ५ मध्यबिंदूला, ६ आणि ७ एकमेकांना. हे सगळं तीन मिलिअँपिअरच्या आसपास खातं, त्यामुळे बॅटरी शंभर तास सहज जाते.

हलगीवर मोकळी काठी पडली की चकती इतका व्होल्टेज देते की बफर जागच्या जागी फाटतो. साउंड कार्डचा गेन कितीही कमी करा, फाटका आवाज फाटकाच राहतो. यावर उपाय एक-दोन रुपयांचा आहे. चकतीच्या दोन तारांमध्ये, म्हणजे बफरच्या आधी, ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा: आवाज सुमारे साडेदहा डेसिबलने खाली येतो. १०० नॅनोफॅरड लावला तर साडेपंधराने. रेझिस्टरने आवाज कमी केला की खर्ज जातो, इथे तो शाबूत राहतो. गेन लावताना सगळ्यात जोरकस थाप उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तालमीतली जोरकस थाप कार्यक्रमात आणखी जोरकस होते.

चकती कुठे चिकटवायची

पुडीवर नको. शाईच्या जवळ दोन ग्रॅमचं ओझं आलं तरी सूर बिघडतो. तबल्याला गजऱ्याच्या खाली, दोन चामडी पट्ट्यांच्या (वाद्यांच्या) मधल्या लाकडावर जागा मिळते. तिथे दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवा. फोमची जाड पट्टी वापरली तर तीच कंपन पिऊन टाकते, पातळ पट्टीच हवी. हलगीला कड्याच्या आतल्या बाजूने, हाताच्या पकडीपासून लांब.

डग्ग्याबाबत मात्र पिझोचा हट्ट सोडावा. भांड्यातून ठोका छान येतो, पण मींड आणि घुमारा कातडं हवेत सोडतं; तो भांड्यापर्यंत फारसा पोचतच नाही. तिथे साधा डायनॅमिक माइक पुडीपासून दहा सेंटिमीटरवर, तळव्याच्या वाटेत येणार नाही असा तिरका लावा. डग्ग्याच्या भांड्यावरही चकती ठेवली असेल तर एक बारीक गोष्ट सांभाळा. चकतीला ठोका लगेच कळतो, माइकपर्यंत तो हवेतून दहा सेंटिमीटर चालून येतो. म्हणजे सुमारे ०.२९ मिलिसेकंद; ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं (सॅम्पल) घेताना, १४ सॅम्पल. चकतीचा ट्रॅक तेवढा उशिरा वाजेल असा सरकवा, मग पोलॅरिटी (धन-ऋण दिशा) उलटी-सुलटी करून ज्या स्थितीत खर्ज भरतो ती ठेवा.

चकतीचा दुसरा उपयोग ट्रिगर म्हणून, म्हणजे ठोका पडला की यंत्रातला साठवलेला आवाज सुरू करायला. ऑक्टोपॅडच्या ट्रिगर इनमध्ये ती बफरशिवाय थेट जाते. इथे गडबड होते ती मास्क टाइमपाशी: एका ठोक्यानंतर किती वेळ यंत्राने कान बंद ठेवायचे ते. १२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची. चौपटीत बोल १२५ वर, आठपटीत साडेबासष्टवर. मास्क टाइम ७० ठेवलात तर आठपटीतला प्रत्येक दुसरा बोल गिळला जाईल, आणि दहाच्या खाली आणलात तर एका थापेचे दोन ठोके होतील. २५ ते ३० मध्ये बहुतेकांचं जमतं. स्पष्ट सांगायचं तर ट्रिगरला हलगी किंवा संबळच चांगलं. तबल्याच्या ‘तिरकिट’मधून यंत्राला चार स्वतंत्र ठोके कळावेत म्हणून धडपडण्यात आठवडे जातात, आणि हाती येतं ते हलगीवर दहा मिनिटांत मिळतं.

उशीर

लॅपटॉप आवाज एकेका घासाने घेतो; त्या घासालाही बफरच म्हणतात, मघाच्या सर्किटशी त्याचा संबंध नाही. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर कार्डाचा स्वतःचा वेळ. एकूण सात-आठ मिलिसेकंदांच्या घरात. आवाज हवेत एक मीटर जायला २.९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे हा उशीर स्पीकर अडीच मीटरवर असल्याइतका. तो सोसतो. २५६ वर हाताला जडपणा जाणवू लागतो. ५१२ वर वादक नकळत थांबून यंत्राची वाट पाहू लागतो, आणि लय खाली बसते. लॅपटॉपला १२८ झेपत नसेल तर इफेक्ट कमी करा, बफर वाढवू नका. शिवाय मूळ, कोरा आवाज साउंड कार्डच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून थेट ऐका आणि संगणकातून फक्त प्रक्रिया केलेला घ्या. मग उशीर प्रतिध्वनीच्या पोटात जातो.

तीन प्रक्रिया पुरेत

इफेक्टांची माळ लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. तीनच घ्या, पण त्यांची प्रत्येक घुंडी हाताखालची असू द्या.

पहिली, कोंब (इंग्रजी ‘comb’, म्हणजे कंगवा) फिल्टर. आलेला आवाज थोडा थांबवून स्वतःतच मिसळायचा. किती थांबवायचा हे सुरावर ठरतं: तबला काळी एकला, साधारण २७७ हर्ट्झला मिळवला असेल तर १ भागिले २७७, म्हणजे ३.६ मिलिसेकंद. परत मिसळण्याचं प्रमाण ०.९५ ठेवलं तर गुंजन अर्धा सेकंद टिकतं, ०.९८ ला सव्वा सेकंद, ०.९९ ला अडीच. १ ला पोचलात तर ते थांबतच नाही, म्हणून घुंडीची कमाल मर्यादा ०.९९५ वर बांधून टाका. प्युअर डेटात लक्षात ठेवा: तो ६४ सॅम्पलच्या घासाने काम करतो, त्यामुळे परत फिरणारी वाट १.३३ मिलिसेकंदांहून लहान होत नाही. ७५० हर्ट्झच्या वरचा सूर हवा असेल तर तो भाग वेगळ्या सबपॅचमध्ये (आतल्या छोट्या आराखड्यात) घालून ब्लॉक, म्हणजे हा घास, लहान करावा लागतो.

हाच फिल्टर तबल्यावर गातो आणि हलगीवर खणखणतो. याचं कारण शाईत आहे. शाईमुळे तबल्याचे पहिले काही उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर दाखवलं. कोंब फिल्टरही पूर्णांकी पटीच उचलतो, म्हणून दोघांचं जुळतं. हलगीला शाई नाही, तिचे उपस्वर वाकडेतिकडे, त्यामुळे फिल्टर तिच्यातून पत्र्यासारखा नाद काढतो. तो नाद वाईट नाही. फक्त तो ‘ना’ नव्हे हे धरून रचना करावी.

दुसरी, मात्रेला बांधलेला डिले, म्हणजे ठरल्या वेळाने परत येणारा आवाज. रूपक ८४ च्या लयीत असेल तर मात्रा ७१४ मिलिसेकंदांची. डिले पूर्ण मात्रेचा ठेवला तर ठेक्यावर ठेका पडून चिखल होतो. पाऊण मात्रा, ५३६ मिलिसेकंद, ठेवून पाहा: उत्तरं बोलांच्या फटीत पडतात. फीडबॅक (परत मिसळण्याचं प्रमाण) ३५ टक्क्यांच्या वर नेऊ नका.

तिसरी, गोठवणे. डग्ग्याच्या मींडेचा शंभर-दीडशे मिलिसेकंदांचा तुकडा पकडून तो पायाच्या स्विचवर धरून ठेवायचा. ठोक्याचे पहिले ३० मिलिसेकंद टाळा, नाहीतर तानपुऱ्याऐवजी मशीनगन ऐकू येते.

आणि एक प्रक्रिया बिनविजेची. मुंबईचे त्रिलोक गुर्टू मंचावर पाण्याची बादली ठेवून त्यात वाजती वाद्यं बुडवतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. शाळेच्या टोलासारखी पितळी थाळी वाजवून हळूहळू पाण्यात सोडली की सूर खाली घसरतो, कारण थाळीला पाणीही हलवावं लागतं. चकतीला नेलपॉलिशचे तीन-चार हात देऊन पाणी आत जाणार नाही अशी केली तर ती थाळीला चिकटवून बुडवताही येते. बादली मात्र एक्स्टेन्शन बोर्डापासून लांब ठेवा.

ताल, लूप आणि सम

सॉफ्टवेअर सुरू केलं की चार-चारचा हिशोब आपोआप येतो. तो पहिल्यांदा बदला: रूपकाला ७/४, झपतालाला १०/४. लूपची, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या मुद्रित तुकड्याची, लांबी एक बार, म्हणजे एक आवर्तन, अशी आधीच बांधून ठेवली की पायाने स्विच दाबताना एकदाच अचूक दाबावं लागतं. स्विच समेवर दाबायचा आणि त्याच क्षणी ‘तीं’ वाजवायचं, हे बोलायला सोपं आहे. पाय जरासा मागे राहतोच. क्वांटाइझ चालू ठेवून स्विच शेवटच्या ‘ना’च्या आसपास दाबा, यंत्र समेची वाट पाहील. लूपच्या सांध्यावर डग्ग्याची मींड चालू असेल तर ‘टक्’ ऐकू येतो. दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (शेवट विरताना सुरुवात चढवणं) द्या, किंवा शेवटच्या मात्रेला डग्गा बंद ठेवा.

लूपची खरी अडचण वेगळी आहे. आपलं वादन हळूहळू चढतं, लूप चढत नाही. पाच मिनिटं एकाच लूपवर वाजवलं की हात पुढे ओढतो आणि यंत्र मागे. म्हणून लूप मुख्य ठेक्याचा करूच नका. ठेका हाताने वाजवा आणि लूपमध्ये असं काही ठेवा ज्याला समेचं बंधन नाही. किंवा बंधन मुद्दाम वेगळं ठेवा: हलगीचा लूप सात मात्रांचा, तबला सोळा मात्रांच्या त्रितालात. दोघांची सम ११२ मात्रांनी जुळते, ८४ च्या लयीत बरोबर ८० सेकंदांनी. एवढा वेळ मनात मोजत राहणं हीच तालीम. कागदावर सात त्रितालांच्या सात रेघा मारून प्रत्येक रेघेत हलगीची सम कुठे पडते ते खुणेने लिहा आणि तो कागद तबल्यापुढे ठेवा.

मंचावर

पावसाळी हवेत पुडी उतरते, एसी हॉलमध्ये कोरडी होऊन चढते. कोंब फिल्टर मात्र २७७ वरच बसून राहतो. त्याच्या सुराला वर-खाली अर्धा स्वर सरकणारी एक घुंडी द्या आणि दोन रचनांमध्ये फिल्टर तबल्याला मिळवा. तबला फिल्टरला मिळवायला हातोडी घेऊन बसलात तर श्रोते चहाला जातात.

चकती हवेतून फारशी शिट्टी घेत नाही, पण लाकडी स्टेज आणि सबवूफर यांची मिलीभगत झाली की जमिनीतून घेते. चुंबळीखाली घडी घातलेली सतरंजी किंवा जिमच्या चटईचा तुकडा टाका. तरी हुंकार आलाच तर तो नेमका कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते शोधून अरुंद नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावा. सरसकट खर्ज कापला की डग्गाच जातो. शेवटच्या टप्प्यावर लिमिटर (आवाजाला हद्दीवर अडवणारा) उणे ३ डेसिबलला, कायमचा.

घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या तारांचं वर्तुळ झालंय. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (मधला विजेचा थेट जोड तोडणारी डबी) लावा. मंडपात जनरेटरवर वीज असते तिथे तर तो हवाच. चार्जरची अर्थची पिन तोडायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

साउंडवाल्याला दोन वेगळे चॅनेल द्या: एक कोरा, एक प्रक्रिया केलेला. एकच मिसळलेला दिलात तर हॉल भरल्यावर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन

प्रत्येक इनपुट वेगळ्या ट्रॅकवर, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, आणि कोरा. एका तासाचा एक मोनो ट्रॅक सुमारे ५१८ मेगाबाइटचा होतो; सहा ट्रॅक म्हणजे तीन जीबीहून थोडं जास्त. प्रक्रिया केलेला आवाज आणखी दोन ट्रॅकवर घ्या, कारण घुंड्या त्या दिवशी कशा फिरल्या ते पुन्हा जमत नाही. अंतिम फाइल प्रमाणाबाहेर फुगवू नका. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या सरासरी जोराचं माप) आसपास आणून वाजवतं, म्हणजे फुगवलेली फाइल तिथे खालीच येते आणि थापेची धार मात्र गेलेली असते. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबल ठेवा.

रचना तुमची असेल तर १९६९ पासून चालू असलेल्या आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. जुन्या ध्वनिमुद्रिकेतला संबळाचा तुकडा वापरताना ‘गोंधळ तर पारंपरिक आहे’ हे कारण चालत नाही. चाल पारंपरिक असली तरी त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. त्यापेक्षा गोंधळ घालणाऱ्या वादकाला बोलावून नवं मुद्रण करा. मानधन आधी ठरवा, तुकडा कापून वापरणार आहात हे त्याला ऐकवून दाखवा, लेखी संमती घ्या, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव वाद्यासह तुमच्या नावाच्या शेजारी छापा.